कामवनाच्या वाटेवरचं माहेर

आम्ही दोघी जाणार होतो. मी आणि दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातली माझी शेजारीण कुंदाताई. हिवाळाभर रोज सकाळी संजय झीलच्या कडेनं फेऱ्या मारून आम्ही पायांना सवय लावली, बूट आधीच वापरून मऊ केले, कोण काय उचलणार तेही ठरलं. आणि निघायच्या आठवड्यातच कुंदाताईंच्या लेकीला डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. कुंदाताई नागपूरला गेल्या. माझी भरलेली सॅक दारामागे तशीच उभी.

"अगं, गाडीनं करून येऊ ना," माझे यजमान विद्याधर म्हणाले. "ड्रायव्हर घेऊ, दोन रात्री मथुरेत राहू, बिल्कुल आरामात."

"गाडीनं जायचं असतं तर मी हिवाळाभर चालले कशाला?"

थोडा वेळ ते पेपर वाचत राहिले. मग म्हणाले, "चलो, जा. पण रोज संध्याकाळी फोन. चुकला की मी तिथं आलोच समज."

फाल्गुन लागला होता. निजामुद्दीनहून सकाळच्या गाडीनं मी मथुरेला उतरले.

ज्यांना हा प्रवास ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मथुरा-वृंदावनाभोवतीच्या वनांना, कुंडांना आणि गावांना घातलेली ही मोठी प्रदक्षिणा, ब्रजची चौऱ्याऐंशी कोसांची परिक्रमा. किलोमीटरमध्ये विचाराल तर जितकी माणसं तितकी उत्तरं, पण अडीचशेच्या वर धरून चाला. वाट बरीचशी उत्तर प्रदेशातून जाते, मध्ये राजस्थानात शिरते, होडलच्या बाजूला हरियाणाला शिवते आणि परत येते. कुठे डांबरी रस्ता, कुठे कालव्याचा बांध, कुठे नुसती वाळू. पुष्कळजण अनवाणी चालतात. मी बूट घातले आणि कुणीही मला त्यावरून बोललं नाही. मुक्कामाला धर्मशाळा आणि आश्रम मिळतात, सतरंजी आणि पांघरूण देतात, जाताना यथाशक्ती देणगी ठेवायची. जेवणाची काळजी करू नका. दर दोन-तीन गावांमागे कुणीतरी पुरी-भाजी नाहीतर कढी-भात घेऊन रस्त्यावर उभंच असतं, आणि "राधे राधे" म्हणून हात धरून बसवतं.

विश्राम घाटावर संकल्प सोडला, गल्लीतल्या दुकानात बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि जिलबी खाल्ली आणि मधुवनाच्या वाटेला लागले. पहिल्या तासाभरातच माझ्या पुढे एक जोडपं दिसलं. दोघंही सत्तरीच्या आसपासची. त्याच्या खांद्यावरच्या गमछ्याचं टोक तिच्या पदराला गाठ मारून बांधलेलं. लग्नात बांधतात तशी. जोडप्यानं परिक्रमा करायची ती अशी गाठ बांधूनच, असं मी ऐकलं होतं, त्यामुळे मला कौतुक वाटलं. मी पुढे जाऊन "राधे राधे" म्हटलं.

"राधे राधे," तो म्हणाला. ती माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "काए बिन्नू, अकेली?"

तो 'काए' माझ्या मराठी कानाला इतका ओळखीचा वाटला की मी हसलेच. बिन्नू म्हणजे बुंदेलखंडात लेकीबाळींना, धाकट्या बहिणीला मारायची हाक. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुणी मला बिन्नू म्हणेल असं वाटलं नव्हतं. ते हरदयालजी आणि कस्तूरीबाई, मऊरानीपूरच्या बाजूचे. त्यांचं कापडाचं दुकान आता मुलगा बघतो.

तालवनापाशी मी विद्याधरना फोन करत असताना मागून आवाज आला, "काकू, तुम्ही मराठी?"

पस्तिशीची एक मुलगी, डोक्यावर टोपी, हातात दोन चालायच्या काठ्या. तिचं नाव एस्तेर. वडील नगरचे, पण जन्म दिल्लीचा. गुरुग्रामला फिजिओथेरपिस्ट आहे. घरी सगळे मराठी चर्चमध्ये जाणारे.

"मग इथं कशी?" मी विचारलं.

"मला लंबं चालायचं होतं यार काकू. पहाडात अकेली जाऊ नको म्हणाली मम्मी. इथं कमसे कम माणसं तर असतात." मग म्हणाली, "मंदिरात काय करायचं ते मला येत नाही. मी बाहेर झाडाखाली बसते. चालेल ना?"

"मला काय विचारतेस? झाड ज्याचं त्याला विचार," मी म्हटलं, आणि त्या दिवसापासून ती माझ्याबरोबर चालू लागली.

अशा वाटेवर सोबत कशी जुळते ते सांगता येत नाही. कुणी ठरवत नाही. एका कुंडावर पाय बुडवून बसतो, दुसऱ्या गावात ताक वाटून पितो, आणि तिसऱ्या दिवशी कुणी मागे राहिलं तर आपले पाय आपोआप थांबतात. एस्तेरनं माझ्या टाचेचा फोड सुईनं फोडून पट्टी बांधली, हरदयालजींना गुडघ्याचे व्यायाम शिकवले. गोवर्धनला त्यांनी ते व्यायाम धर्मशाळेच्या अख्ख्या अंगणाला करून दाखवले. मी एस्तेरला तिच्या हरवलेल्या मराठी शब्दांची आठवण करून द्यायचे. पहाडगंजच्या एका शाळेत वर्षानुवर्षं मराठी शिकवलं, ती सवय कुठे जाते! 'झुळूक' तिला फार आवडला. वारा सुटला की ती ओरडायची, "काकू, झुळूक!"

कस्तूरीबाईंबद्दल माझ्या लक्षात यायला राधाकुंडापर्यंत वेळ लागला. तिथं त्यांनी मला पुन्हा विचारलं, "काए बिन्नू, अकेली?" तसंच, पहिल्यांदा भेटल्यासारखं. मग थोड्या वेळानं परत. मी हरदयालजींकडे पाहिलं. त्यांनी नुसती गाठीकडे बोट केलं.

"ये धरम के लिए नहीं बाँधी, बहनजी," ते हळू म्हणाले. "छोड़ दूँ तो चल देती हैं. किसी भी तरफ़." दोन वर्षं झाली, म्हणाले. आधी भाजीत मीठ विसरायच्या, मग नातवंडांची नावं गेली. परिक्रमा ही त्यांची जुनी इच्छा. मुलगा नको म्हणत होता. "मैंने कहा, अभी इनके पाँव को याद है चलना. जब तक है, करा लाता हूँ."

आणि खरंच, पाय विसरले नव्हते. आमच्या चौघांत न दमता त्याच चालायच्या.

डीगच्या पुढे मुलूख बदलतो. सपाट शेतं संपून मोठमोठ्या दगडांच्या उघड्या टेकड्या लागतात. सावली कमी, पाणी बरोबर ठेवाच. आदिबद्रीची चढण उतरून आम्ही कामवनला पोचलो. नकाशात त्याला कामां म्हणतात. तिथलं विमलकुंड सुंदर आहे, भोवती घाट आणि छोटी देवळं, आणि माकडं भरपूर. चष्मा सांभाळा.

तिथंच ते झालं. स्नानासाठी हरदयालजींनी गाठ सोडली आणि कस्तूरीबाईंना घाटावर बसलेल्या एका बायकांच्या जथ्याजवळ बसवलं. त्यांनी दोन डुबक्या मारून वर पाहिलं तर जथा उठून देवळात चालला होता आणि त्यात कस्तूरीबाई नव्हत्या.

मी आणि एस्तेर चहाच्या टपरीवर होतो. हरदयालजी ओल्या धोतरानं धावत आले. सुटलेला तो गमछा हातात पुढे धरलेला. आम्ही देवळं पाहिली, गल्ल्या पाहिल्या. पुजाऱ्यानं लाउडस्पीकरवर पुकारा केला. एस्तेरनं फोनमधला फोटो दुकानादुकानात दाखवला. पाण्याकडे बघायचं मी टाळत होते. हरदयालजी मात्र तिथंच बघत होते.

शेवटी साडीचा रंग ऐकून एक चारावाला म्हणाला, "पीली धोती? घास वाली औरतों के पीछे-पीछे गई है, खेतों की तरफ़."

आम्ही त्या वाटेनं निघालो. दोन्हीकडे पिकत आलेली मोहरी, मध्ये बैलगाडीची चाकोरी. पोलिसांना कळवायचं का, असं एस्तेरनं मला मराठीत विचारलं, म्हणजे हरदयालजींना कळू नये. मी म्हटलं, पुढच्या गावापर्यंत बघू, मग लगेच. हरदयालजी आमच्या पुढे होते. मधूनच हाक मारायचे, "कस्तूरी!" त्या पिढीचा माणूस, बायकोला चारचौघांत नावानं हाक मारत होता.

गाव मेव मुसलमानांचं होतं. वेशीवरच्या हापशावर पाणी भरणाऱ्या एका तरुण बाईनं आम्हाला पाहिलं आणि आम्ही काही विचारायच्या आतच म्हणाली, "अम्मा के लिए आए हो? हमारे घर बैठी है."

अंगणात कडुलिंबाखाली बाजल्यावर कस्तूरीबाई बसल्या होत्या. पाय धुतलेले, मांडीवर मटारच्या शेंगांनी भरलेलं सूप. दाणे सोलता सोलता त्या जवळ आलेल्या बकरीला दटावत होत्या. समोर त्यांच्याच वयाची एक उंच बाई तव्यावर भाकरी टाकत होती. तिचं नाव असगरी, हापशावरच्या बाईची सासू. तिनं आम्हाला पाहून तोंडावर बोट ठेवलं आणि उठून दारापाशी आली.

"डराना मत उसे," ती म्हणाली. "सीधी अंदर आई और मेरे गले लग गई. भौजी-भौजी करके रोने लगी. मैं क्या कहती कि मैं तेरी भौजी नहीं हूँ?"

कस्तूरीबाई माहेरी, वहिनीकडे आल्या होत्या.

माहेरी तसंच अंगण, तसंच झाड असेल, कोण जाणे. हरदयालजी हळूहळू पुढे गेले आणि बाजल्यापासून दोन हातांवर उभे राहिले. कस्तूरीबाईंनी वर पाहिलं, घाईघाईनं डोक्यावर पदर घेतला आणि असगरीला विचारलं, "भौजी, जे को आएँ?"

हे कोण?

मी मान वळवली. एस्तेरनं माझा हात धरला होता. राधाकुंडावर मला विसरणं वेगळं आणि हे वेगळं. नंतर हरदयालजी आम्हाला म्हणाले की असं आजवर कधी झालं नव्हतं, नातवंडं गेली, मुलाचं नाव गेलं, पण ते स्वतः राहिले होते.

असगरी क्षणभरही अडखळली नाही. "नंदोई हैं मेरे," नणंदेचा नवरा म्हणून तिनं सांगितलं. "तुझे लिवाने आए हैं. ससुराल से."

"अबै नईं जैहों," कस्तूरीबाई म्हणाल्या. "अबई तो आई."

"तो कौन भेज रहा है? आज रह." मग हरदयालजींकडे वळून, "बैठो नंदोई जी."

ते बाजल्याच्या दुसऱ्या टोकाला बसले. हात गुडघ्यांवर, मान खाली. सासुरवाडीला पहिल्यांदा आलेला माणूस बसतो तसे.

जेवायची वेळ झाली तेव्हा असगरीनं सुनेकरवी परातीत पीठ, डाळ आणि तूप आणून त्यांच्यापुढे ठेवलं. "आप लोग यात्रा में हो. सूखा सामान है, उधर अलग चूल्हा जला देते हैं. बिटिया बना लेगी." यात्रेकरू वर्षानुवर्षं या वाटेनं जातात, त्यांची रीत तिला ठाऊक होती, आणि तिच्या बोलण्यात राग नव्हता. हरदयालजींनी परातीकडे पाहिलं. मग बायकोकडे. कस्तूरीबाई असगरीच्या हातची भाकरी मटारच्या भाजीशी केव्हाच खायला लागल्या होत्या, लहान मुलीसारख्या, मान डोलावत.

"पीहर में अलग चूल्हा कौन माँगता है," ते बायकोच्या माहेरी असल्यासारखे म्हणाले आणि त्यांनी ताटासाठी हात पुढे केला.

आम्हीही तिथंच जेवलो, तिथंच राहिलो. संध्याकाळी विद्याधरना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तुला काही लागलं तर सांग," आणि फोन ठेवला.

सकाळी असगरीनं कस्तूरीबाईंची वेणी घातली. सुनेनं आपल्याजवळच्या हिरव्या बांगड्या त्यांच्या हातात चढवल्या. एका फडक्यात गूळ आणि भाजलेले चणे बांधले. "चल, अब तेरे जाने का दिन है," असगरी म्हणाली. कस्तूरीबाई तिच्या गळ्यात पडून रडल्या, मोठ्यानं, जुन्या काळी मुली सासरी जाताना सूर लावून रडत तशा. शेजारच्या बायका जमल्या. त्यांना काय चाललंय ते कुणी समजावून सांगितलं नाही, तरी दोघी-तिघींनी डोळे पुसले. असगरी वेशीपर्यंत आली. तिनं हरदयालजींना एवढंच सांगितलं, "फिर लाना इसे. रास्ता तो देख लिया."

"हओ," ते म्हणाले. बुंदेलीत 'हो'ला असं म्हणतात.

गावाबाहेर त्यांनी गमछ्याचं टोक पुढे केलं. मला धाकधूक होती, आता त्या ही गाठ बांधू देतील की नाही. अनोळखी माणूस ना तो! पण कस्तूरीबाईंनी स्वतःच पदर पुढे केला. नवी नवरी निघाली होती. गाठ तर बांधायचीच.

बरसान्यापर्यंतची ती वाट मी विसरणार नाही. उन्हं कोवळी होती, रस्त्यात होळीसाठी रंगाची पोती उतरवत होते, आणि कस्तूरीबाई पदर नाकापर्यंत ओढून, खाली बघत, दोन पावलं मागे चालत होत्या. मध्येच त्यांनी माझी बाही ओढली. मी जवळ गेले तशा कुजबुजल्या, "बिन्नू, कैसे हैं जे?"

नवरा मुलगा कसा आहे, असं विचारत होत्या. त्यांच्या खऱ्या लग्नात विचारायचं राहून गेलं असेल, किंवा विचारायला कुणी मिळालं नसेल.

"बहुत अच्छे हैं," मी म्हटलं. "मैं मथुरा से साथ चल रही हूँ इनके. धूप में खुद चलते हैं, आपको छाँव में चलाते हैं. पहले आपको खिलाते हैं, फिर खुद खाते हैं."

"गुस्सा?"

"नहीं देखा अब तक."

त्यांनी पदराआडून तिरकं बघितलं आणि त्या हसल्या. खुदकन. हरदयालजींना सगळं ऐकू गेलं होतं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, पण त्यांचे कान लाल झालेले मला मागूनही दिसत होते. एस्तेर मला म्हणाली, "काकू, मी जरा आगे चालते हं," आणि काठ्या टेकत झपाझप पुढे गेली. बरसान्याच्या पायऱ्यांवर भेटली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

नंदगावला कस्तूरीबाईंनी हरदयालजींना पुन्हा ओळखलं. काही सोहळा झाला नाही. सकाळी त्यांनी नेहमीच्या सुरात विचारलं, "चाय पी लई?" आणि ते भिंतीला टेकून बसले. नवरी होती ती गेली, बायको परत आली. त्यांना काय वाटलं ते मी विचारलं नाही. त्या दिवशी ते आमच्याशी जरा कमी बोलले, एवढंच.

पुढची वाट सोपी आहे. होडलकडची गावं मोठ्या मनाची, ताक मागावं लागत नाही. शेरगढच्या पुढे यमुनेच्या कडेनं वाळू आहे, तिथं सकाळी लवकर चाला. एस्तेर वृंदावनला एका देवळात आमच्याबरोबर आत आली, हात जोडून उभी राहिली आणि बाहेर येऊन म्हणाली, "झाड बेटर आहे काकू, पण ठीक होतं." मथुरेला विश्राम घाटावर आम्ही चौघांनी परिक्रमा पुरी केली. झाशीकडची गाडी आधी होती. गाडी हलली तेव्हा हरदयालजी खिडकीशी हात जोडून उभे होते, आणि कस्तूरीबाई आम्हा दोघींकडे ओळखीचं काही नसल्यासारख्या, पण फार प्रेमानं बघत होत्या.

घरी आल्यावर लोक विचारतात, काय मिळालं? तब्येतीचं विचाराल तर दोन नखं काळी पडली आणि झोप चांगली लागते. बाकीचं सांगणं अवघड आहे. चालून माझी श्रद्धा वाढली की नाही, मला माहीत नाही. पण परक्याच्या दारात उभं राहून "आले" म्हणता येतं आणि आतून "ये" असं म्हणणारं कुणी असू शकतं, एवढं मी डोळ्यांनी पाहून आले. हल्ली विद्याधर संध्याकाळी माझ्याबरोबर फिरायला येतात. फार बोलत नाहीत, पण रस्ता ओलांडताना माझा हात धरतात. तुम्ही जाणार असाल तर फाल्गुनात जा, सामान कमी न्या, आणि पोचायची घाई ठेवू नका.

परवा हरदयालजींचा फोन आला. प्रकृती बरी आहे म्हणाले, दुपारचा बराच वेळ कस्तूरीबाई झोपून असतात. मग "लीजिए, बात कीजिए," म्हणून त्यांनी फोन तिकडे दिला. मी ओट्यापाशी उभी होते, गॅसवर कुकर, हातात चिरायला घेतलेला दुधी.

"को बोल रईं?" पलीकडून आवाज आला.

काय सांगायचं? नाव सांगून उपयोग नव्हता. "हम साथ चले थे," मी म्हटलं. "आप और मैं. बहुत दूर तक."

मागे कुठेतरी त्यांच्या अंगणात चिमण्या.

"सो थक गई हुइहौ, बिन्नू," त्या म्हणाल्या. "बैठ जाओ."

मी गॅस बारीक केला आणि तिथंच, स्वयंपाकघरात, खाली बसले.